आमचे गाव कोणते?

स्वदेश सोडून दूर राहणाऱ्या मनुष्यास दोन प्रश्नांची उत्तरे वारंवार द्यावी लागतात. परके विचारतात, 'आपण कोठले?' आणि स्वकीय विचारतात, 'परत केव्हा येणार?' आम्हांस इंग्लंडात राहून बारा वर्षे झाली. पहिल्या प्रश्नास आम्ही 'पारोळा' असे उत्तर देतो. मग पारोळा कोठे, जळगाव कोठे, मुंबईपासून अंतर किती, हे सांगता सांगता ऐकणाऱ्याचा चहा संपून जातो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे त्याहून अवघड आहे. तरी या वार्षिकाच्या वाचकांपैकी कित्येकांस पुढे हाच अनुभव यावयाचा आहे, म्हणून दोन शब्द लिहितो.

गाव सोडणे ही काही आजची नवलाई नव्हे. आपल्या गावातील भुईकोट किल्ला जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी 1727 साली बांधला. झाशीच्या ज्या नेवाळकर घराण्याचा पारोळ्याशी संबंध सांगतात, ते मूळचे कोकणातले. कोकणातून खानदेश, खानदेशातून बुंदेलखंड, असा त्यांचा प्रवास झाला. राणी लक्ष्मीबाईंचे दत्तक पुत्र दामोदरराव यांस तर झाशीही सोडावी लागली, आणि त्यांचा अंत 1906 साली इंदुरास झाला. या घराण्याचे खरे गाव कोणते म्हणावे? तिकडे दक्षिणेत तंजावरास भोसल्यांनी राज्य केले. त्यांतील दुसऱ्या सरफोजी राजांनी आपल्या वंशाचा इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर 1803 साली मराठीत कोरविला. तमिळ मुलखात राहून त्यांस आपल्या भाषेचा लेख दगडावर असावा असे वाटले, यात सर्व आले. राजे दगडावर लिहितात. आम्हां सामान्य जनांस मात्र जीभ आणि चूल यांवरच भिस्त ठेवावी लागते.

विद्यार्थिमित्रहो, परदेशगमनाचा पहिला धडा तुम्ही आजच गिरवीत आहा, हे तुमच्या ध्यानात आले आहे काय? घरी आजी अहिराणीत बोलते, वर्गात गुरुजी ग्रंथांतील मराठी शिकवितात, आणि तिसऱ्या तासाला इंग्रजी येते. उंबरठा ओलांडला की 'शे' चे 'आहे' होते. दोन्ही ठिकाणी मूल तेच असते. केवळ बोली पालटते. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषापाहणीत आपल्या बोलीस 'खानदेशी' या नावाने निराळे स्थान मिळाले, आणि 2011 च्या जनगणनेतही सुमारे साडेअठरा लाख लोकांची मातृभाषा याच नावाखाली नोंदली गेली आहे. घरची बोली न टाकता दुसरी शिकणे ही कला आम्ही पारोळ्यातच शिकलो. लंडनला तिचा केवळ उपयोग केला.

आणि या विद्येतील खरे पंडित आम्ही पुरुष नव्हेच. आपल्या घरोघरच्या लेकी सोळा-अठरा वर्षे एका अंगणात वाढतात आणि एके दिवशी दुसऱ्या गावी, दुसऱ्या चुलीपाशी जाऊन उभ्या राहतात. आखाजीला त्या माहेरी येतात, झोके घेतात, गौराईची गाणी म्हणतात आणि पुन्हा सासरी परततात. माहेर अंतरले म्हणून त्या सासरचा संसार अर्धवट करीत नाहीत; आणि संसारात रमल्या म्हणून माहेर विसरत नाहीत. एका काळजात दोन घरे नांदू शकतात, हे आमच्या आईने आम्हांस न बोलता शिकविले होते.

लंडनला आम्ही प्रथम गेलो तो हिवाळा होता. दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळे. शेजारी सौजन्यशील होते; पण दार लोटून 'काय चाललंय?' म्हणत कोणी आत येत नसे. तेथील महाराष्ट्र मंडळ 1932 साली स्थापन झालेले आहे. त्याच्या एका समारंभास गेलो असता मागच्या रांगेतून एका वृद्ध बाईंच्या तोंडचा 'शे' कानी पडला. आम्ही मागे वळून पाहिले. त्या धुळ्याकडच्या निघाल्या. पुढील रविवारी त्यांच्या घरी भरीत-भाकरीचे जेवण झाले. वांगी आपल्याकडच्या हिरव्या भरताच्या वांग्यांसारखी नव्हती, काळीजांभळी होती, आणि तुराट्यांच्या जाळाऐवजी गॅसवर भाजलेली. परंतु वाढणारा हात खानदेशचा होता. त्या दिवसापासून ते शहर आम्हांस थोडे कमी परके वाटू लागले.

आता जी गोष्ट सांगावयाची, ती आमच्या आईची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे कानबाई बसते. आमच्या घरी रोटांसाठी प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेण्याची रीत आहे. आम्ही परदेशी गेल्यावरही आई आमच्या नावाची मूठ घेई. पुढे सुनेची, नातीचीही घेऊ लागली. खाणारे हजार कोसांवर असत, पण मोजणीत उणे होत नसे. दूरध्वनीच्या पडद्यावर ती मूठ आम्हांस दाखवी आणि म्हणे, 'ही तुझी.' घर म्हणजे काय, हे आम्हांस त्या वेळी कळले: आपण नसतानाही जेथे आपला वाटा मोजला जातो, ते घर.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. पारोळ्यास मोठे बंधू ती रीत पाळतात. तथापि त्या श्रावणात आमचे मन थाऱ्यावर नव्हते. आता आमची मूठ कोणाच्या हातची, असा विचार सारखा येई. त्या रविवारी लंडनच्या स्वयंपाकघरात आमच्या नऊ वर्षांच्या कन्येने पिठाचा डबा पुढे ओढला. तिचा जन्म तेथला; मराठी बोलते, पण तिच्या बोलण्यावर इंग्रजीची छाप आहे. तिने आपल्या लहानशा मुठीने मोजावयास आरंभ केला: काकांची, काकूंची, पारोळ्याच्या दोन भावंडांची. शेवटी थांबून तिने विचारले, 'आजीची घ्यायची ना?' आम्ही मान हलविली. इतके दिवस आमची मोजणी गावाकडे होत होती. त्या दिवशी गावाची मोजणी आमच्याकडे झाली.

'परत केव्हा येणार?' या प्रश्नाची तारीख आजही आम्हांस सांगता येत नाही. परंतु मुलांनो, तुमच्यापैकी कोणी पुण्यास जाईल, कोणी सुरतेस, कोणी समुद्रापार. जेथे जाल तेथे मन लावून राहा, तेथील भाषा शिका, शेजाऱ्याच्या उपयोगी पडा. आणि घरची बोली आपल्या लेकरांच्या कानांवर पडू द्या. पालकहो, गेलेल्या मुलांची मूठ मोजीत राहा. ती किती दूर जातात यापेक्षा, त्यांचा वाटा ठेवलेला आहे हे त्यांस ठाऊक असणे, हे अधिक महत्त्वाचे आहे.