उमेदवारीचा खर्च कोणीं सोसावा?

‘घर पाहावें बांधून, लग्न पाहावें करून’ ही म्हण रचणाऱ्याच्या काळीं निवडणुका नव्हत्या. असत्या तर तिसरा चरण त्यानें खचित जोडला असता. लोकसभेच्या उमेदवारास मोठ्या राज्यांत ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवारास ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा २०२२ सालीं मिळाली, हे आंकडे वाचून सामान्य संसारी मनुष्य वर्तमानपत्र मिटून ठेवतो. त्या मोठ्या रणांगणाचा विचार आम्हीं येथें योजिलेला नाहीं. आमचा प्रश्न लहान आहे, पण तो वाचकांच्या घरांतला आहे. महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलानें अथवा मुलीनें विद्यार्थि-परिषदेची निवडणूक लढविली, तर तिचा खर्च कोणीं सोसावा? वडिलांनीं, मित्रमंडळानें, एखाद्या बाहेरच्या हितचिंतकानें, कीं जिच्यासाठीं ती निवडणूक होते त्या संस्थेनें?

आमचें बिऱ्हाड फुलचुरास आहे. हें गांव गोंदिया शहरास इतकें लागून आहे कीं नवख्या माणसास शहर कोठें संपलें हें कळत नाहीं. एका अंगास नवीं घरें आणि दुसऱ्या अंगास धानाच्या बांध्या. आमच्या वर्गांत राईस मिलमध्यें हमाली करणाऱ्याचा मुलगा, उन्हाळ्यांत तेंदूपत्ता तोडावयास जाणाऱ्या बाईची मुलगी आणि आडत्याचा चिरंजीव हीं तिन्ही एका बांकावर बसतात. फीची पावती, परीक्षेचा कागद आणि मतपत्रिका या तीन ठिकाणीं तीं समान आहेत. परंतु मत देण्याचा अधिकार आणि मत मागण्याचा अधिकार यांत मोठें अंतर आहे, व तें अंतर पैशाचें आहे.

आमच्या विद्यार्थिदशेंत, म्हणजे १९९० च्या आगेंमागें, महाविद्यालयांत निवडणुका होत असत. आमच्या खोलींत राहणाऱ्या एका मित्राची आई बिड्या वळून संसार चालवी. वक्तृत्व त्याचें असें कीं तो बोलूं लागला म्हणजे आवाराबाहेरचा पानवालाही कान देई. त्यानें अर्ज भरला. आम्ही पांचसहा जणांनीं मेसच्या पैशांतून वर्गणी काढली. प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनें भाड्याची जीप आली, छापील भित्तिपत्रकें आलीं आणि रोज रात्रीं भोजनें उठूं लागलीं. चौथ्या दिवशीं आमच्या मित्रानें अर्ज मागें घेतला. ‘हरण्याची भीति नाहीं रे, पण हरल्यावर या वर्गणीचें काय सांगूं?’ एवढेंच तो बोलला. विजयी उमेदवाराची जीप ज्या गृहस्थानें पुरविली होती, त्याच्याच माणसास पुढील वर्षीं उपाहारगृहाचा ठेका मिळावा म्हणून तो विजयी प्रतिनिधि प्राचार्यांकडे खेटे घालीत होता. त्यास आम्ही दुष्ट म्हणत नाहीं. ज्याचें मीठ खाल्लें त्याची चाकरी त्यानें केली, इतकेंच. मात्र तें मीठ आम्हां विद्यार्थ्यांचें नव्हतें.

पुढें त्या निवडणुकाच बंद पडल्या. १९८९ सालीं मुंबईंत एका विद्यार्थी-पुढाऱ्याचा खून झाला, ठिकठिकाणीं मारामाऱ्या वाढल्या, आणि १९९४ च्या विद्यापीठ अधिनियमानें गुणानुक्रमें पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यास प्रतिनिधि नेमण्याची पद्धति आणिली. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानें निवडणुकीस पुन्हां जागा दिली. २०१९ सालीं तिचा मुहूर्त निघालाही होता, परंतु विधानसभेच्या निवडणुकीमुळें तो पुढें ढकलला गेला. या विलंबांत एक लाभ असा कीं, जुनी खोड परत येण्यापूर्वीं खर्चाचा विचार शांतपणें करण्यास आपणांस सवड मिळाली आहे.

असा विचार आपल्या देशांत मुळींच झाला नाहीं असें नाहीं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली व तिच्या शिफारसी २२ सप्टेंबर २००६ रोजीं न्यायालयानें लागू केल्या. उमेदवारानें पांच हजार रुपयांहून अधिक खर्च करूं नये, पत्रकें छापील नसून हातानें लिहिलेलीं असावीं, निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यावा, आणि विद्यार्थ्यांनीं स्वखुषीनें दिलेल्या वर्गणीखेरीज दुसरा पैसा वापरूं नये, असे ते नियम आहेत. नियम उत्तम आहेत. पण पैसा कोठून येऊं नये हें त्यांत जितकें स्पष्ट आहे, तितकें तो कोठून यावा हें नाहीं. गरिबाचे मित्र बहुधा गरीबच असतात. त्यांनीं काढलेल्या वर्गणीची गति काय होते तें आम्हीं वर सांगितलेंच आहे.

दुसरी गोष्ट आमच्या भागापुरती सांगतों. सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक व्हावी असें समितीचें म्हणणें आहे. म्हणजे ती ऑगस्टच्या सुमारास येणार. तें आमच्याकडे रोवणी आटोपण्याचे दिवस. घरांतला होता नव्हता पैसा बियाणें, खत व मजुरी यांत गेलेला असतो आणि धान विकून हातीं पैसा यावयाचा तो दिवाळीच्या पुढें. गेल्या वर्षीं रोवणीहून परतलेली एक विद्यार्थिनी आम्हांस विचारती झाली, ‘सर, निवडणूक लागली तर उभें राहायला किती लागतील?’ आम्हीं पांच हजारांची मर्यादा सांगितली. ती म्हणाली, ‘म्हणजे माझ्या आईची महिनाभराची रोवणी नाही पुरणार.’ समितीच्या लेखीं जी मर्यादा, ती त्या मुलीच्या लेखीं भिंत होती.

संस्थेनें खर्च भरून द्यावा ही कल्पना ऐकून कांहीं वाचक दचकतील. परंतु ती नवी नाहीं. न्यायसभेंत बसणाऱ्या नागरिकांस पेरिक्लीझनें अथेन्समध्यें भत्ता दिला, तो मोलमजुरी बुडवून गरिबासही तेथें येतां यावें म्हणूनच. इंग्लंडांत १९१८ पर्यंत निवडणूक-अधिकाऱ्याचा खर्चसुद्धां उमेदवारांच्या माथीं बसे. त्या वर्षीं तो सरकारनें उचलला. जर्मनींत १९६७ च्या कायद्यानें पक्षांचा प्रचारखर्च मतांच्या प्रमाणांत परत मिळूं लागला, व कॅनडांत १९७४ पासून ठराविक मतें मिळविणाऱ्या उमेदवारास खर्चाचा कांहीं भाग परत मिळतो. आपल्याकडे इंद्रजित गुप्त समितीनें १९९८ सालीं सरकारी साह्याचा पुरस्कार केला, पण तें साह्य रोख न देतां वस्तुरूपानें द्यावें असें सुचविलें. या शेवटच्या सूचनेंत मोठें शहाणपण आहे असें आम्हांस वाटतें. कारण परतावा नेहमीं मागाहून येतो. आधीं खर्च करावयास ज्याच्यापाशीं पैसा आहे, अथवा ज्यास उसना मिळतो, त्यालाच तो उपयोगी. रोवणीहून आलेल्या मुलीस सप्टेंबरांत मिळणारी पावती ऑगस्टांत कागद व रंग घेऊन देणार नाहीं.

आक्षेप तीन संभवतात. पहिला असा कीं, पैसे मिळतात म्हटल्यावर हौशे-गवशेही उभे राहतील. त्यावर उपाय म्हणजे किमान मतांची अट. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराची अनामत रक्कमही एकषष्ठांशाहून अधिक मतें मिळालीं तरच परत मिळते. मात्र ही अट उंच ठेवल्यास प्रस्थापितांचेंच फावतें. जर्मनींतील घटना-न्यायालयानें १९६८ सालीं अडीच टक्क्यांची अट अन्याय्य ठरवून ती अर्ध्या टक्क्यावर आणिली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. दुसरा आक्षेप खोट्या बिलांचा. तो खरा आहे. परंतु नुसती मर्यादा घातली असतां उमेदवार खर्च लपवितो, आणि परतावा ठेवला असतां निदान दाखवितो. दाखविलेला हिशेब फलकावर लावला कीं त्याचा खरेखोटेपणा पाहण्यास सहाध्यायांचे डोळे पुरेसे असतात.

तिसरा आक्षेप आमच्याच पिढीचा, म्हणून अधिक नाजूक. सार्वजनिक कामांत पदरमोड करावी, त्यांतच त्याग आहे, असें आपण मानीत आलों. परंतु त्यागास पदरीं कांहीं असावें लागतें. ज्याच्या पदरीं केवळ बुद्धि आणि तळमळ आहे, त्यानें आपला वेळ व अभ्यास खर्ची घालावा, एवढा त्याग पुरे. त्यास आईची मजुरीही मागणें हा त्याग नव्हे, प्रवेशशुल्क होय. उमेदवारांकडून भिंती खराब केल्याच्या भरपाईसाठीं एक लाख रुपयांचा बंधपत्र-लेख घेण्याची रीत दिल्ली विद्यापीठानें २०२५ सालीं काढली. तिच्यामागील त्रास आम्ही जाणतों, तरी असा कागद पाहून प्रथम कोण माघारी फिरेल हें सांगावयास ज्योतिषी नको.

तेव्हां आमची सूचना साधी आहे. महाविद्यालयानें सर्व उमेदवारांचीं निवेदनें एकाच पत्रकांत छापून प्रत्येक विद्यार्थ्यास द्यावीं. सभागृह, ध्वनिक्षेपक व फलकावरील सारखी जागा सर्वांस फुकट द्यावी. अर्ज मंजूर होतांच कागद, रंग व कापड भांडारांतून द्यावें. आणि उरलेला किरकोळ खर्च पावत्या पाहून, लहानशा मतांच्या अटीवर भरून द्यावा. दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयांत दरडोई वीस रुपये घेतले तर चाळीस हजार जमतात. आठ उमेदवारांनीं पांच हजारांची पुरी मर्यादा गांठली तरी हिशेब तेवढाच होतो. ज्यास आपण मत दिलें नाहीं त्याच्याही रंगाचे पैसे आपण कां द्यावे, असें कोणी विचारील. ज्या वाचनालयांतील पुस्तक आपण उघडलें नाहीं त्याचेही पैसे आपण देतोंच. आणि निवडणुकींत तर हरलेला उमेदवारही आपलें काम करून गेलेला असतो, कारण त्याच्यामुळेंच आपणांस निवड करतां आली.

अठराव्या वर्षीं माणूस जो व्यवहार प्रथम शिकतो तो बहुधा जन्मभर राहतो. निवडून येण्यासाठीं कोणाचें तरी मिंधें व्हावें लागतें हा धडा आपण आपल्या मुलांस एकदां दिला, आणि त्याचें फळ मोठ्या निवडणुकांत पाहत आहों. सर्वांच्या वीस वीस रुपयांनीं उभा राहिलेला प्रतिनिधि कदाचित् अधिक शहाणा निघणार नाहीं. पण उपाहारगृहाचा ठेका कोणास द्यावा असा प्रश्न आला, तर त्यास ऋण फेडावयाचें असेल तें त्या दोन हजारांचें असेल.