वंगण आणि चिखल

आमच्या दारांत एक जुनी जीप उभी असते. तर्कशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकानें असलें वाहन कशासाठीं बाळगावें, याविषयीं आमच्या आळींत निरनिराळे तर्क प्रचलित आहेत. त्यांपैकीं एकही शास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीं. पण तेवढ्यासाठीं शेजाऱ्यांचें खंडन करीत बसणें मला प्रशस्त वाटत नाहीं. खरें कारण इतकेंच कीं, सह्याद्रींतल्या ज्या वाटा मला आवडतात त्यांना दुसरें कोणतेंही वाहन आवडत नाहीं. अलीकडे मात्र ती जीप माझ्या हातून माझ्या मुलीच्या हातांत गेली आहे. मुलगी डोंगरांतल्या झऱ्यांचा अभ्यास करते, आणि पाऊस ओसरूं लागला कीं उपकरणांच्या पेट्या गाडींत घालून भोरहून वरंधा घाटानें कोंकणांत उतरते. गेल्या वर्षीं तिच्या या प्रस्थानाला आठ दिवस उरले असतां डाव्या मागल्या चाकाच्या आंतल्या अंगावर एक काळसर ओघळ दिसला. बोट लावून हुंगलें तर गंधकाचा दर्प आला. गंधकाचा दर्प म्हणजे गिअरचें तेल, आणि गिअरचें तेल चाकाशीं आलें म्हणजे आखाचें सील गेलें, एवढें निदान आमच्या स्वयंपाकघरांतही ठाऊक आहे.

वाचकांपैकीं बहुतेकांनीं हें ऑइल सील कधीं पाहिलें नसेल. पाहण्याचा योग न यावा यांतच सुख आहे. बांगडीएवढें एक लोखंडी कडें, त्याच्या आंतल्या कांठाला रबराचा एक पातळ ओठ, आणि तो ओठ फिरत्या आखावर टेंकून राहावा म्हणून त्याच्या पाठीशीं बसविलेली बारीक तारेची वाटोळी स्प्रिंग, एवढाच त्याचा संसार. आंतलें वंगण बाहेर जाऊं द्यायचें नाहीं आणि बाहेरचा चिखल आंत येऊं द्यायचा नाहीं, हें त्याचें काम. आपल्या बैलगाडीला हा पहारेकरी माहीत नव्हता. तिच्याखालीं वंगणाचा नळा लोंबत असे. चाकाचा तुंबा करकरूं लागला कीं गाडीवान आखाला वंगण चोपडी, आणि तें जसें लागे तसें सांडतही जाई. बैलाच्या पावलानें चालणाऱ्या वाहनाला ही उधळपट्टी परवडत होती. जीपचा आख मिनिटाला शेंकडों फेरे घेतो. त्याला वंगण एकदां द्यायचें आणि कोंडून ठेवायचें, याखेरीज गत्यंतर नाहीं.

सील गेल्यानें चार थेंब तेल सांडलें तर काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. पण आखाच्या टोंकाशीं, सीलाच्या शेजारींच, ब्रेकचा ड्रम असतो. तेल थेंबाथेंबानें तेथें पोंचतें आणि ब्रेकच्या लायनरमध्यें मुरतें. सपाट रस्त्यावर हें फारसें जाणवत नाहीं. घाट उतरतांना पाय दाबावा, तों तीन चाकें आज्ञा मानतात आणि चौथें मानीत नाहीं. गाडी एका अंगाला ओढ घेते. वरंध्याच्या वळणांवर त्या एका अंगाला काय असतें, हें तेथून गेलेल्यांना सांगावयास नको. आमच्या घरांतला प्रश्न चार थेंबांचा नव्हता.

नवें सील घ्यायचें तर कोणतें घ्यायचें? येथें रसायनशास्त्र शिकविणारे माझे एक सहकारी मदतीला धांवले. त्यांचें म्हणणें, सीलाचा सारा इतिहास म्हणजे त्याच्या द्रव्याचा इतिहास. आरंभीं सील चामड्याचें असे; कारण साधें रबर खनिज तेलांत फुगून निकामी होतें. आपल्या विहिरींवरची मोट ज्या गुणावर चालत असे, त्याच गुणावर मोटारीही चालत. जर्मनींतील वाइनहाइम गांवीं १८४९ पासून चामडें कमावणारी फ्रॉयडेनबर्ग नांवाची पेढी १९३० च्या आगेमागें सीलें करूं लागली, ती यामुळेंच. त्याच दशकांत तेलाला दाद न देणारें नायट्राइल रबर तयार झालें आणि चामड्याचें राज्य ओसरूं लागलें. पुढें फ्लोरिनयुक्त रबर आलें. बाजारांत तें व्हायटन या नांवानें ओळखतात. नायट्राइल सुमारें १०० अंश उष्णतेपर्यंत सुखानें नांदतें, तर व्हायटन २०० अंशांपर्यंत. किंमत अर्थातच त्या मानानें चढती. "मुलीच्या जिवापुढें पैशाकडे पाहूं नका," असें सांगून सहकाऱ्यांनीं आपला निकाल दिला.

हा युक्तिवाद मोठा समर्थ आहे, आणि त्याचें सामर्थ्य तर्कांत नसून बापाच्या काळजांत आहे. मी त्यांना इतकेंच विचारलें कीं, ज्या शत्रूशीं लढायचें तो उष्णता आहे काय? इंजिनाच्या पोटांत उष्णता हा शत्रू खराच. आखांतलें तेल मात्र एरवीं नायट्राइलच्या मर्यादेंतच राहतें. आमच्या जीपचा शत्रू म्हणजे भाताच्या खाचरांतला चिखल आणि ओढ्यांतली बारीक वाळू, आणि घर्षण सोसण्यांत जुनें नायट्राइल चांगलें चिवट आहे. तेव्हां अधिक महाग द्रव्यापेक्षां अधिक एक ओठ असलेलें सील आम्हांला उपयोगाचें होतें. दोन ओठांच्या सीलांत आंतला ओठ तेल संभाळतो आणि बाहेरचा ओठ धूळ अडवितो. सर्वोत्तम वस्तु कोणती, हा प्रश्न बाजाराचा. या जागीं कोणती वस्तु टिकेल, हा प्रश्न गृहस्थाचा.

नाना पेठेंतल्या दुकानांत गेलों तेव्हां फळीवर तीन सीलें मांडलीं गेलीं. एकावर कर्त्याचें नांव नव्हतें. तें सर्वांत स्वस्त. दुसरें नामांकित, पण कपाटांत इतकीं वर्षें पडून होतें कीं ओठावर नख दाबलें तर नख वळावें, ओठ वळूं नये. रबर न वापरतांही म्हातारें होतें. तिसरें मऊ, ताजें, दोन ओठांचें होतें. पण त्यावरचीं मापें मिलिमीटरांत होतीं. सीलावर तीन आंकडे असतात: आंतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. जीप ही मुळांत अमेरिकन सैन्याची गाडी. १९४१ ते १९४५ या युद्धवर्षांत विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून ती सहा लाखांवर तयार केली, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनीं मुंबईंत तिची जुळणी आरंभिली. तिच्या आखाचीं मापें इंचांचीं. इंचाचें आणि मिलिमीटरचें माप पुष्कळदां जवळजवळ जुळतें, आणि या 'जवळजवळ'नेंच घात होतो. हाताला कळणार नाहीं इतकी फट तेलाला कळते. दुकानदारानें "बसून जाईल, सर" असा निर्वाळा दिला. बसून जाईल याविषयीं मलाही शंका नव्हती. प्रश्न बसल्यानंतरचा होता. इंचाच्या मापाचें, दोन ओठांचें, ताजें सील मागवून घेण्यांत चार दिवस गेले.

तें घेऊन मिस्त्रींकडे गेलों. हे मिस्त्री साठीच्या घरांतले, आणि शाळा त्यांनीं फार लवकर सोडलेली. त्यांनीं पुलर लावून ड्रम ओढून काढला, जुनें सील बाहेर घेतलें, आणि नव्याला हातही न लावतां म्हणाले, "सर, सील मेलं हे दिसतंय. पण मारलं कुणी, ते आधी बघायला पाहिजे."

तर्कशास्त्रावर मीं पंचवीस वर्षें व्याख्यानें दिलीं. कार्य आणि कारण यांतला भेद इतक्या थोड्या शब्दांत सांगितलेला मीं ऐकला नव्हता. मिस्त्रींनीं एकेक संशयित तपासला. बेअरिंग झिजून आख डुलत असेल तर कोणताही ओठ त्याच्याबरोबर डुलणार नाहीं. पण बेअरिंग निर्दोष निघालें. तेल प्रमाणाबाहेर भरलेलें नव्हतें. मग त्यांनीं आखाच्या पेटीवरची ब्रीदर नांवाची बोटाच्या पेराएवढी नळी काढून तींत फुंकर घातली. फुंकर पलीकडे गेली नाहीं. नळी वाळलेल्या चिखलानें बुजली होती.

ही नळी म्हणजे आखाची श्वासनलिका. चालतांना आंतलें तेल तापतें, हवा फुगते, आणि ती या वाटेनें बाहेर पडते. वाट बंद झाली कीं ती सीलाच्या ओठावर जोर करते आणि तेल घेऊन बाहेर येते. उलट, तापलेली गाडी थंड ओढ्यांत शिरली कीं आंतली हवा आकसते; मग तोच ओठ बाहेरचें पाणी आंत ओढून घेतो. पुढच्या चाकांच्या हबांना तर अशी नळीही नसते. तेथें सीलावरच सारी भिस्त, आणि पाणी शिरलें कीं आंतलें ग्रीस दुधाळ होतें. मिस्त्रींनीं तेंही बोटावर घेऊन पाहिलें. तें स्वच्छ होतें. आमच्या सीलाचा दोष एवढाच कीं, दुसऱ्याचा कोंडमारा त्यानें सोसवला तोंवर सोसला.

याशिवाय आणखी एक गोष्ट निघाली. सीलाचा ओठ आखावर जेथें टेंकतो, तेथें पोलादावर एक बारीक खांच पडली होती. नख फिरविलें तर अडकत होतें. मऊ रबरानें कठीण पोलाद कापावें, हें ऐकून आश्चर्य वाटेल. ओठांत धुळीचा कण रुतून बसतो, आणि वर्षानुवर्षें एकाच जागीं घांसत राहतो. त्या खांचेवर नवें सील बसविलें तर तेंही गळणार. यावर उपाय दोन. एक, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची पोलादी बाही आखावर चढविणें. दुसरा, जागा असेल तर सील किंचित् पुढें बसवून ओठाला कोरी जागा देणें. आमच्या गाडींत दुसरा उपाय होण्यासारखा होता. मिस्त्रींनीं ओठाला तेल लावलें, आखाच्या खांचणीनें तो फाटूं नये म्हणून कागद गुंडाळला, आणि नळीच्या तुकड्यानें चहूंकडून सारखे ठोके देत सील बसविलें. तेल प्यालेले ब्रेक-लायनर धुऊन पुन्हां वापरण्याची गोष्टच त्यांनीं काढूं दिली नाहीं, नवे घातले. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचें तोंड ओढ्याच्या पाण्याला लागणार नाहीं इतकें उंच नेलें. खर्चाच्या यादींत सील सर्वांत स्वस्त निघालें.

मुलगी शेजारीं उभी राहून हें सारें पाहत होती. तिनें विचारलें, "काका, आता इथे अगदी कोरडं राहील ना?"

"अगदी कोरडं नको, ताई," मिस्त्री म्हणाले. "ओठाखाली तेलाचा पापुद्रा राहिला पाहिजे. नाहीतर ओठ जळतो."

मागाहून पुस्तकांत पाहिलें, तों तेंच लिहिलेलें. आख खडबडीत असला तर ओठ झिजतो हें उघड आहे. पण तो आरशासारखा गुळगुळीत असला तरी वंगणाचा तो अदृश्य पापुद्रा टिकत नाहीं आणि ओठ करपतो. ओठाचा दाब फार झाला तरी परिणाम तोच. राखणदारानें टेंकून असावें, आवळून धरूं नये. आणि गळती झाली तर आधीं आपल्या घरांतली श्वासनलिका कोठें बुजली आहे तें पाहावें. मुलगी ठरल्या दिवशीं घाट उतरली. महाडला पोंचल्यावर फोन कर, असें मीं तिला एकदांच सांगितलें. दुसऱ्यांदा सांगण्याचा मोह झाला होता. पण ओठाचा दाब किती असावा, हें मला नुकतेंच कळलें होतें.