स्वतंत्र हेर
साडूंना मुलीला आलेल्या स्थळाची गुप्त चौकशी करायची होती. करारनामा लिहायला मी, कारण मी बी.कॉम.! (आमच्या नातेवाइकांत बी.कॉम. म्हणजे अर्धा वकील.) हेर हा पगारी नोकर नव्हे, स्वतंत्र कंत्राटदार. म्हणजे फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि पाळत कशी ठेवायची हेही आपण सांगायचे नाही. हे शेवटचे साडूंना मुळीच पटेना.

"मुलाचं बँकखातंही बघायचं, लिहा."

"साडूबुवा, बेकायदा कामाचा करार १८७२ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाने बाद होतो."

"मग तुम्हीच बघा की! तुमच्याच शाखेत आहे."

होणाऱ्या जावयापायी माझी नोकरी? मी पेनाला टोपण लावले.

भाची चहा घेऊन दारातच उभी होती. "काका, मीच विचारते त्याला. पगार, खातं, सगळं."

साडूंनी पाचशेचा कोरा स्टँपपेपर मुकाट्याने घडी घालून खिशात ठेवला.