रेघेला पडणारे प्रश्न

मराठी माणसाच्या डोक्यात सुरत म्हणजे लूट. शालेय पुस्तकातला तो धडा इतका पक्का बसलेला असतो की त्यातलं शहर कसं होतं, किल्ला कुठे होता, तट होता की नव्हता, हे विचारायची गरजच वाटत नाही. सुरतेच्या जुन्या वास्तूंसमोर बसून मी त्यांची रेखाटनं करतो, ती मुख्यतः या विचारण्यासाठी. माझं म्हणणं एवढंच आहे की इमारत नुसती पाहिली तर तिची गोष्ट ऐकून घेता येते, काढायला घेतली की ती गोष्ट तपासावी लागते. कागदावर प्रत्येक रेघ कुठून निघाली आणि कुठे थांबली याचा हिशेब द्यावा लागतो, आणि ऐकीव गोष्टी बहुधा नेमक्या त्याच हिशेबात अडकतात.

चौक बाजारातला किल्ला घ्या. गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या हुकमाने खुदावंदखानाने तो १५४० ते १५४६ या काळात बांधला, तो पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना तोंड देण्यासाठी. ही माहिती फलकावरही मिळते. पण बुरूज कागदावर मांडताना त्यांची जागा ठरवावी लागते, आणि तेव्हा लक्षात येतं की अख्खी वास्तू तापीला चिकटून बसलेली आहे. तिची खरी कामगिरी समुद्रातून नदीने वर येणाऱ्या जहाजांवर नजर ठेवण्याची. मागे पसरलेलं शहर सांभाळायला ती बांधलेलीच नव्हती. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज आले ते उलट्या दिशेने, जमिनीवरून, आणि त्यांचा तळ पडला बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेर. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला; किल्ल्यातून सुटलेल्या तोफांनी हल्लेखोरांपेक्षा शहराचंच जास्त नुकसान केलं, असं त्या वेळच्या इंग्रजी कागदांत आहे. इनायतखानाच्या भित्रेपणावर आपल्याकडे भरपूर हसून झालं आहे. माझ्या मते त्या भित्रेपणाइतकाच किल्ल्याच्या जागेचाही विचार व्हायला हवा. शहराभोवती तेव्हा मातीचा गावकूस होता, विटांचा तट नंतर आला, आणि ऑक्टोबर १६७० मध्ये महाराजांना दुसऱ्यांदा आत शिरताना त्याचीही फारशी अडचण झाली नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ असतो: हे सगळं छायाचित्रातूनही कळेल, तेही क्षणात आणि अधिक अचूक. अचूकपणाचा मुद्दा मला मान्य आहे. मापासाठी मीही फोटोच विश्वासाने वापरीन. पण फोटो काढणाऱ्याला काहीच ठरवावं लागत नाही, सगळं एकदम आत येतं. चित्र काढताना काय घ्यायचं हे ठरवावं लागतं, आणि इथेच दुसरा, जास्त टोकदार आक्षेप येतो. स्केच करणारे लोक वायरी, पाट्या, पत्रे, एसीचे खोके गाळतात आणि नसलेलं जुनं शहर रंगवतात. हा आरोप खरा आहे. जलरंगातली अशी गोड चित्रं मला अजिबात सोसत नाहीत. मुघलसराईचं उदाहरण त्यासाठी उत्तम. शाहजहानच्या काळात, १६४४ मध्ये, ती मुसाफिरखाना म्हणून उभी राहिली, कारण सुरत हे हजला जाणाऱ्यांचं बंदर होतं. इंग्रजांच्या काळात काही वर्षं तिथे तुरुंग होता आणि १८६७ पासून नगरपालिकेचं, आता महानगरपालिकेचं, कार्यालय आहे. तिच्या कमानी तेवढ्या काढल्या आणि फलक, खिडक्या, उभी वाहनं गाळली, तर पावणेचारशे वर्षं ही इमारत का टिकली तेच चित्रातून निघून जातं. ती टिकली कारण दर पिढीला तिचा काही ना काही उपयोग होता. म्हणून वायरी काढायच्या. त्या दिसायला वाईट असल्या तरी पुरावा म्हणून चांगल्या असतात.

इतिहासाच्या अभ्यासकांचा आक्षेप वेगळा, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो: रेघ तारीख सांगत नाही, ती कागद सांगतात. कतारगाम दरवाज्याच्या परिसरातली इंग्रजांची दफनभूमी त्यांच्या बाजूने साक्ष देईल. तिथली सगळ्यांत भव्य कबर दुमजली, कमानींची, एकावर एक घुमट असलेली. नुसत्या डोळ्यांवर विसंबणारा ती खुशाल एखाद्या नवाबाची म्हणेल. ती आहे ख्रिस्तोफर आणि जॉर्ज ऑक्झेंडेन या भावांची. धाकटा १६५९ मध्ये गेला, थोरला १६६९ मध्ये. हा जॉर्ज म्हणजे १६६४ च्या स्वारीत वखार लढवून धरणारा इंग्रजांचा प्रमुख. त्याच्याच घराण्यातला हेन्री दहा वर्षांनी वकील म्हणून रायगडावर राज्याभिषेकाला हजर होता. नावं कागदांनीच दिली, हे कबूल. पण इंग्रज व्यापाऱ्याला मरणानंतर मुघली घुमट का हवासा वाटला, हा प्रश्न दप्तरात बसून पडत नाही. कमान काढताना पडतो. उत्तर शेजारच्या डच दफनभूमीत सापडायला लागतं. तिथे १६९१ मध्ये वारलेल्या हेन्ड्रिक व्हान रीड याची कबर आहे, तीही घुमटांची, सज्जांची आणि आकाराने आणखी मोठी. इंग्रजांवर ताण करायची म्हणून ती तशी बांधली, असं म्हणतात. दोघे एकमेकांशी स्पर्धा करत होते आणि ती बघणाऱ्या सुरतेला कळावी म्हणून सुरतेच्याच थाटात करत होते. सत्तेच्या आधीची कंपनी कशी होती, ते मला या दोन घुमटांइतकं स्वच्छ कुठे दिसत नाही. हा व्हान रीड ‘हॉर्टुस मलबारिकुस’ या बारा खंडी ग्रंथाचा कर्ता. मलबारच्या वनस्पतींची सातशेहून अधिक चित्रं त्याने काढवून घेतली, आणि त्यांवर वनस्पतींची नावं इतर लिप्यांबरोबर नागरीतही आहेत, कारण त्याच्या मदतनीसांत कोकणी वैद्य होते. चित्र आणि कागद ही दोन भांडणारी साधनं आहेत असं त्याला तरी वाटलं नसावं.

उलट बाजूही आहे. गोपीपुऱ्यातल्या, नानपुऱ्यातल्या शेऱ्यांमध्ये कोरीव लाकडी घरांसमोर कुणी ना कुणी सांगतंच की घर तीनशे वर्षांचं आहे. १८३७ च्या आगीत सुरतेतली नऊ हजारांहून अधिक घरं जळाली आणि त्याच वर्षी तापीला मोठा पूरही आला, हे ठाऊक असेल तर त्या दाव्याकडे जरा जपूनच पाहावं लागतं. खांबाची जाडी, तुळईचं टोक, विटेचा आकार काढून ठेवला की निदान शेजारच्या घराशी ताडून पाहता येतं. असं केल्याने घर वाचत नाही, हा आक्षेप कुणी घेतला तर माझ्याकडे उत्तर नाही. जमिनीचे भाव आणि वारसांची संख्या या दोन गोष्टींपुढे पेनाचं काही चालत नाही. पण एका शेरीची दर्शनी बाजू ओळीने, दुकानांच्या शटरसकट काढलेली असेल तर घरं गेल्यावरही त्यांची उंची, सज्जांची पातळी आणि दोन घरांमधली सामाईक भिंत अभ्यासकाला मिळते. दोन-चार देखण्या दरवाज्यांच्या सुट्या चित्रांतून ती मिळत नाही.