यंत्र जागे होण्यापूर्वी

कोणतेही कार्य आपल्याला दिसू लागते, त्याच्या पुष्कळ आधी त्याचा आरंभ झालेला असतो. चौघडा वाजला की उत्सव सुरू झाला, असे आपण समजतो. परंतु सोवळ्याने पाणी भरणारा, समया घासून वाती लावणारा, पूजेची उपकरणी मोजून ठेवणारा असे सारे पहाटेपासून राबत असतात. त्यांच्या हातून काही राहून गेले, तर पुढची पूजा कितीही थाटाची असो, ती अडखळते. आमच्या नोकरीची बरीच वर्षे अशाच एका पूर्वतयारीत गेली. मात्र ती तयारी संगणकाची होती, आणि तिचे स्थान होते आदिलाबाद.

आदिलाबाद हा सीमेवरचा मुलूख. उत्तरेला पैनगंगा, दक्षिणेला गोदावरी. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले. उरलेला भाग आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. रेषा सरकल्या, माणसे मात्र होती तेथेच राहिली. म्हणून येथल्या कापसाच्या बाजारात आजही तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी एकाच सौद्यात ऐकू येतात. १९९० नंतरच्या दशकात येथल्या एका कार्यालयात आम्ही कामाला होतो. तेथील सारा हिशेब एका युनिक्स यंत्रावर चाले. युनिक्स ही प्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी आरंभिली. १ जानेवारी १९७० हा तिचा जणू शक. त्या क्षणापासूनचे सेकंद मोजून ती काळ ओळखते.

संगणकाचे सारे संचित तबकडीवर असते, हे आता शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. पण तबकडी आणि यंत्राचा मेंदू यांच्यामध्ये एक दुभाष्या लागतो. तो म्हणजे एक कार्ड. जुन्या यंत्रांत ते बहुधा ‘स्कझी’ पद्धतीचे असे. या पद्धतीला अमेरिकेत १९८६ साली प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. एका लांब पट्टीसारख्या केबलवर तबकड्या, टेप आणि सीडी-रॉम ओळीने जोडायचे, आणि प्रत्येकाला शून्यापासून सातापर्यंतचा एकेक क्रमांक द्यायचा, ही तिची रीत. सात हा क्रमांक सर्वांत मानाचा. दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली तर सातवाल्याचे आधी ऐकले जाते. म्हणून तो क्रमांक कार्डाने स्वतःकडे ठेवायचा. ज्या तबकडीवरून यंत्र जागे व्हायचे तिला शून्य. टेपला आम्ही दोन दिला होता. एकाच क्रमांकावर दोघे बसले की कोणाची हाक कोणाला, हे कळेनासे होते आणि सारी पंगतच उठते.

दुसरा नियम केबलच्या टोकांचा. केबलच्या दोन्ही टोकांना रोधक बसवावे लागतात. तसे न केले तर संदेश टोकावर आपटून परत फिरतो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळतो. दरीत ओरडले असता आपलाच आवाज आपल्यावर उलटावा, तसे ते होते. रोधक दोन्ही टोकांना हवेत, मधे कोठेही नकोत. या बाबतीतली चूक फार फसवी असते. यंत्र सकाळी निमूट चालू लागते, आणि दुपारी काम भरात आले की चुका करू लागते. मग दोष तबकडीला दिला जातो, विजेला दिला जातो, क्वचित ग्रहांनाही दिला जातो.

तिसरी गोष्ट पत्त्याची. आमच्या यंत्रातील अडॅप्टेक कंपनीच्या कार्डावर इवल्याशा टाचण्या आणि त्यांवर बसवायच्या टोप्या होत्या. कोणती टोपी कोठे आहे यावरून कार्डाचा पत्ता ठरे. सामान्यतः तो षोडशमान पद्धतीने ३३० असे. हा पत्ता आतल्या प्रणालीलाही आधीच सांगून ठेवलेला असे. दोघांची सांगड बसली तरच पुढचे काम.

वाचकांना यात काही अपरिचित वाटू नये. पूजेच्या संकल्पात आपण देश आणि काळ उच्चारतो. आदिलाबादचा यजमान गोदावरीच्या उत्तर तीराचा उल्लेख करतो. दक्षिणेकडच्या आपल्या कोकणी आणि मराठी वाचकांच्या संकल्पात दक्षिण तीर येते. दक्षिणेहून आलेले एखादे पुरोहित सवयीने ‘दक्षिण’ म्हणून जातात, तेव्हा यजमान हळूच ‘उत्तर’ असे सुचवतो. मंत्र तोच, विधीही तोच. परंतु आपण कोठे बसलो आहोत हे आधी नीट सांगावे लागते.

आमच्या कार्यालयात एक वयोवृद्ध हिशेबनीस होते. सगळे त्यांना काका म्हणत. गावातील देवळाच्या उत्सवाची वहीही तेच ठेवीत. यंत्र प्रथम बसवले गेले, त्या दिवशी ते आमच्याजवळ येऊन म्हणाले, “साहेब, हे जे आकडे तुम्ही आत लावलेत, ते मला वहीत उतरवून द्या. उद्या तुमची बदली झाली तर आम्ही कोणाला विचारायचं?” आम्ही सांगत गेलो आणि त्यांनी एका लाल बांधणीच्या वहीत सारे मराठीत लिहून घेतले: कार्ड सात, तबकडी शून्य, टेप दोन, पत्ता ३३०, रोधक कोठे आहेत, टोप्या कशा आहेत, याचे एक चित्रसुद्धा.

पुढे एका वर्षी ऐन कापसाच्या हंगामात विजेच्या धक्क्याने ते कार्ड जळाले. शेतकऱ्यांची देणी चुकती व्हायची होती आणि दारात गाड्या उभ्या होत्या. हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर दूर. दुसऱ्या दिवशी एका पुरवठादाराचा माणूस नवे कार्ड घेऊन आला आणि ते बसवून त्याने यंत्र सुरू केले. यंत्र जागे होऊ लागले, पडद्यावर चार ओळी उमटल्या, आणि आपली मूळ तबकडीच सापडत नाही अशी तक्रार करून ते थांबले. असे दोनतीनदा झाल्यावर तो माणूस म्हणाला की तबकडी बिघडली आहे, ती पुसून प्रणाली नव्याने भरावी लागेल. शेवटची टेप कित्येक दिवसांपूर्वीची होती. मधल्या दिवसांत ज्यांनी कापूस घातला होता त्यांची नोंद त्या तबकडीवाचून कोठेही नव्हती.

काकांनी लाल वही आणून टेबलावर ठेवली. आम्ही नवे कार्ड बाहेर काढून चित्राशी ताडून पाहिले. एक टोपी निराळ्या जागी होती. कार्डाचा पत्ता ३३० ऐवजी ३३४ होता. आरंभीच्या चार ओळी कार्ड स्वतःच्या बळावर वाचून देत होते, म्हणून यंत्र अर्धवट जागे होई. नंतर प्रणाली आपल्याला सांगितलेल्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावी, आणि तेथे कोणी राहतच नसे. टोपी जागेवर बसवली आणि यंत्र उठले. तबकडीला काहीच झालेले नव्हते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत देणी चुकती झाली. पुसण्याच्या आज्ञेपासून आम्ही किती थोड्या अंतरावर होतो, हे आठवले की आजही छातीत धस्स होते.

पुढे आमच्याकडे सन कंपनीची यंत्रे आली. १९८२ साली ही कंपनी ज्या चौघांनी स्थापिली, त्यांतील विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा, ही गोष्ट आम्ही नवख्यांना आवर्जून सांगत असू. या यंत्रांत टोप्यांचा खटाटोप नव्हता. प्रणाली जागी होण्यापूर्वी यंत्र ‘ओके’ एवढाच शब्द उमटवून आपली वाट पाहत थांबे, आणि त्याच्याशी थेट संवाद करता येई. ‘प्रोब-स्कझी-ऑल’ अशी आज्ञा दिली की प्रत्येक क्रमांकाला हाक जाई, आणि जो हजर असेल तो नाव सांगे. पण येथेही क्रम पाळावा लागे. आपोआप जागे होण्याची सोय आधी बंद करायची, यंत्र नव्याने सुरू करायचे आणि मगच हाक मारायची. चालते यंत्र मधेच अडवून हाक मारली तर ते जागच्या जागी गोठून बसण्याचा संभव असे. दोन यंत्रांनी एकाच केबलवरील तबकड्या वापरायच्या असल्या, तर दोघांचीही कार्डे सातावर हक्क सांगत. म्हणून एकाला आधीच सहावर बसवावे लागे.

हे सारे ठरवलेले ते यंत्र एका चिपमध्ये स्मरणात ठेवी, आणि त्या चिपच्या पोटात एक लहानशी बॅटरी असे. सुमारे दहा वर्षांनी ती संपली की यंत्राला स्वतःची ओळखही उरत नसे. घड्याळ भलत्याच काळात जाई, जाळ्यातील पत्ता पुसला जाई, आणि आपली ओळखपत्रिका अग्राह्य आहे असे यंत्र स्वतःच पडद्यावर लिही. तबकडीवरील अक्षर न् अक्षर शाबूत, पण तिच्यापर्यंत जायचे कसे, हे यंत्राला आठवत नसे. अशा वेळीही पुन्हा वहीच उपयोगी पडली.

२०१० साली सन कंपनी ऑरॅकलमध्ये विलीन झाली. आता टोप्या गेल्या, पट्टीसारख्या केबल गेल्या. तरी स्कझीची भाषा नव्या तबकड्यांच्या संभाषणात जिवंत आहे. यंत्रे अधिक शहाणी झाल्यामुळे आपणच आपला पत्ता शोधतात, आणि म्हणून तो कोणी लिहून ठेवीत नाही. आम्हांला चिंता वाटते ती याची. जुनी यंत्रे अजूनही कोठे कोठे निमूटपणे काम करीत असतात, आणि त्यांच्या आरंभाचे रहस्य बहुधा एखाद्या निवृत्तीला आलेल्या माणसाच्या डोक्यात असते.

आपल्या देवळांतून उत्सवाच्या वह्या असतात. पालखीचा मार्ग, मानाचा क्रम, कोणत्या घरातून कोणते उपकरण यायचे, हे त्यांत लिहिलेले असते. ती वही हरवली की पुढची पिढी अंदाजाने चालू लागते आणि अंदाजातून वाद निघतात. आता देवस्थानांचे हिशेबही संगणकावर आले आहेत. विश्वस्तांना आमची एवढीच विनंती आहे: कारागीर दाराबाहेर पडण्यापूर्वी त्याच्याकडून सारे आकडे आपल्या भाषेत, शाईने, कागदावर उतरवून घ्यावेत, आणि ती वही उत्सवाच्या वहीशेजारी ठेवावी.