पायातली चप्पल

हिच्या पायातली चप्पल कधी निसटते ते हिला कळतच नाही. परवा देवळातून आली ती एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी! मी हसलो, आणि मग माझं मलाच कसंतरी झालं.

दोन वर्षांपूर्वी केमोथेरपीत हिला पॅक्लिटॅक्सेल दिलं होतं. गाठ गेली, पण पावलं बधिर झाली. औषध छातीतल्या गाठीसाठी, मग पावलांनी काय घोडं मारलं होतं? आमचं बी.ए. मराठी माध्यमातलं, तेही इतिहास घेऊन. शेवटी बायोटेक शिकणाऱ्या नातीची शिकवणी लावली.

मंडळी, पेशीत चक्क हमाल असतात! कायनेसिन नावाचं प्रथिन. पाठीवर ओझं, खाली दोन पाय आणि चालायला सूक्ष्म नळ्यांचे रूळ. एटीपीचा एक रेणू खर्च केला की 8 नॅनोमीटरचं एक पाऊल. कमरेपासून पावलापर्यंतची नस जवळजवळ मीटरभर लांब. तिच्या टोकाला लागणारा बराचसा माल वर कण्याजवळ तयार होतो आणि दिवसाला 200 ते 400 मिलिमीटर अशा वेगाने खाली येतो. म्हणजे तीन-चार दिवसांची पायी वारीच की!

पॅक्लिटॅक्सेल हे रूळ गोठवतं. कर्कपेशीला दुभंगताना ते मोडून पुन्हा जोडावे लागतात; तेच अडतं आणि ती मरते. पण नसांमधले रूळही त्याच मालाचे. तिथली वाहतूक बिघडली की सर्वांत लांबच्या गावाची आबाळ आधी होते. बधिरपणाचं हे एक कारण मानतात.

"मग माणसाने असे हमाल बनवले नाहीत का गं?" मी आशेने विचारलं. बनवलेत. हॉलंडच्या बेन फेरिंगांनी 1999 साली प्रकाशावर एकाच दिशेने फिरणारी रेणूची मोटर केली. 2011 मध्ये तशा चार मोटरींची गाडी तांब्याच्या पृष्ठभागावर चालवली. विजेचे दहा धक्के दिल्यावर ती गेली 6 नॅनोमीटर. कायनेसिनचं एक पाऊलसुद्धा नाही! 2016 चं नोबेल सोव्हाज आणि स्टॉडार्ट यांच्यासह फेरिंगांना मिळालं, आणि ते योग्यच. पण नॅनोयंत्रं आता घरोघरी रोग बरे करणार असं कुणी लिहिलं की मला राग येतो.

हिला सगळं सांगितलं. "अहो, म्हणजे माझे हमाल संपावर गेलेत म्हणायचे!"

मागे पट्टा असलेली सँडल आणली आहे. काल रात्री तेल चोळताना उजव्या अंगठ्याला काहीतरी जाणवलं, असं ही म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही, नुसतं चोळत राहिलो.