चिलिकाचे पाणी नेमके कोठे जाते?

नदीकाठी उभ्या असलेल्या माणसाला पाण्याची दिशा विचारावी लागत नाही. ओडिशातील चिलिका सरोवराच्या काठी मात्र या प्रश्नाचे उत्तर ऋतूगणिक बदलते.

पावसाळ्यात महानदीच्या दया, भार्गवी या शाखा गोडे पाणी घेऊन येतात आणि प्रवाहाचा ओढा बंगालच्या उपसागराकडे राहतो. उन्हाळ्यात नद्या रोडावतात. मग भरतीबरोबर खारे पाणी मुखातून आत शिरते. सरोवर उथळ असल्याने वाराही पाणी ढकलतो. वरचा थर वाऱ्यामागे जातो, तर तळाशी उलट दिशेचा प्रवाह असू शकतो. त्यामुळे एका दिवसाच्या मोजणीवरून वर्षाचा निष्कर्ष काढता येत नाही.

अशा मोजणीसाठी आज ध्वनीचा उपयोग होतो. उपकरण पाण्यात ध्वनिलहरी सोडते आणि पाण्याबरोबर वाहणारे सूक्ष्म कण त्या परतवतात. कण उपकरणाकडे येत असतील तर परतलेल्या ध्वनीची वारंवारता किंचित वाढते, दूर जात असतील तर घटते. जवळचा प्रतिध्वनी आधी येतो, दूरचा नंतर. त्यावरून प्रत्येक थराचा वेग वेगळा काढता येतो.

ही आकडेमोड कोणाच्या कामाची, याचे उत्तर चिलिकाच्याच इतिहासात आहे. गाळ आणि वाळूने समुद्राकडची वाट चिंचोळी झाली, खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासळी रोडावली. १९९३ मध्ये चिलिकाचे नाव धोक्यात आलेल्या रामसर पाणथळींच्या यादीत गेले. पुढे पुण्याजवळच्या खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने प्रतिकृतींच्या आधारे अभ्यास केला आणि २३ सप्टेंबर २००० रोजी नवे मुख खोदून उघडण्यात आले. खारेपणा सावरला, मासळी परतली आणि २००२ मध्ये ते नाव यादीतून निघाले.

तथापि किनाऱ्यालगत सरकणारी वाळू थांबलेली नाही. मुखे जागा बदलतात, अरुंद होतात, नवी फुटतात; काल खरा असलेला आकडा उद्या कालबाह्य ठरतो. नवे उपकरण बसवले की त्याची बातमी होते. त्याच ठिकाणी, प्रत्येक ऋतूत, वर्षानुवर्षे मोजत राहण्याची होत नाही. चिलिकात जाळे टाकणाऱ्या कुटुंबांना मात्र गरज आहे ती या दुसऱ्या कामाची.